संगणकावरील त्रिपिटक आणि चार महापदेश

१९५० साली कलकत्त्याच्या 'महाबोधी' या नियतकालिकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली आहे. त्या तुलनेनंतर बाबासाहेब एका व्यावहारिक अडचणीकडे वळतात. इतर धर्मीयांजवळ हाती धरता येईल असा एक ग्रंथ आहे. बौद्धांचे वाङ्मय मात्र इतके अफाट आहे की ते सारे कोणी वाचील अशी अपेक्षाच करता येत नाही. म्हणून धम्मप्रसाराची पहिली गरज म्हणून त्यांनी बौद्धांसाठी एका सुटसुटीत ग्रंथाची मागणी केली. पुढे १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ प्रकाशित झाला आणि ती गरज त्यांनी स्वतःच पूर्ण केल्याचे जगाने पाहिले.

परंतु त्या ग्रंथाच्या मागे असलेला वाङ्मयसागर तसाच राहिला. सामान्य उपासक-उपासिकांना त्याच्या काठावरही जाता येत नव्हते. पालि त्रिपिटकाचा संपूर्ण संच विद्यापीठांच्या व मोजक्या संस्थांच्या ग्रंथालयांतच असे. आज परिस्थिती बदलली आहे. ज्याच्या हाती साधा मोबाइल आहे, त्याच्या हाती मूळ पालि त्रिपिटक, त्यावरील अट्ठकथा, शब्दकोश आणि अनेक भाषांतील अनुवाद आहेत. प्रश्न उपलब्धतेचा उरलेला नाही. प्रश्न आहे तो विवेकाचा. या साधनांचे स्वरूप काय, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्यांचा उपयोग कोणत्या पद्धतीने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ ग्रंथांचे संग्रह

पालि त्रिपिटकाच्या देवनागरी आवृत्तीचा इतिहास आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नालंदा येथील नव नालंदा महाविहाराने भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली ४१ खंडांत देवनागरी पालि त्रिपिटक प्रकाशित केले. १९५६ साली या कार्यास आरंभ झाला आणि १९६१ साली ते पूर्ण झाले. त्याच सुमारास ब्रह्मदेशात रंगून येथे छट्ठ संगायन, म्हणजे सहावी धम्मसंगीती, १९५४ ते १९५६ या काळात भरली होती. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले, त्या वेळी ही संगीती चालू होती. या संगीतीत संशोधित झालेला पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० पासून संगणकात उतरविण्यास आरंभ केला आणि १९९७ साली तो सीडीच्या रूपाने वितरित केला. आज तो इंटरनेटवर देवनागरीसह अनेक लिप्यांत विनामूल्य वाचता येतो. मूळ पाठ, अट्ठकथा आणि टीका असे तिन्ही थर त्यात आहेत. जागतिक पातळीवरील हे कार्य नाशिक जिल्ह्यात झाले, याची नोंद महाराष्ट्रातील बौद्धांनी घेतली पाहिजे.

दुसरा मोठा संग्रह म्हणजे 'सुत्तसेंट्रल'. २००५ साली तो सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य केवळ पालि पाठात नाही. एखाद्या पालि सुत्ताचे चिनी आगम, संस्कृत अवशेष व तिबेटी वाङ्मय यांत कोणते समांतर पाठ आहेत, हे तेथे कोष्टकरूपाने दिलेले असते. भिक्खू सुजातो यांनी केलेले चार निकायांचे इंग्रजी अनुवाद २०१८ साली तेथे प्रसिद्ध झाले आणि त्यांवरील सर्व हक्क त्यांनी सोडून दिले. त्यामुळे त्यांवरून मराठी अनुवाद करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

तिसरा संग्रह जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाचा आहे. तेथे भारतीय भाषांतील ग्रंथांबरोबर पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीचा रोमन पाठही ठेवलेला आहे. ही सोसायटी टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली इंग्लंडमध्ये स्थापन केली. जगातील विद्यापीठांत आजही संदर्भ दिला जातो तो मुख्यतः तिच्याच खंड व पृष्ठ क्रमांकांनी.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. इगतपुरीचा पाठ आणि सुत्तसेंट्रलचा पालि पाठ यांचे मूळ एकच, सहाव्या संगीतीची परंपरा, आहे. दोन ठिकाणी एकच वाक्य सापडले म्हणून दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले असे समजू नये. एकाच साक्षीदाराचे म्हणणे दोन कचेऱ्यांत नोंदविलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाठभेद तपासावयाचा असेल तर पालि टेक्स्ट सोसायटीचा किंवा नालंदा आवृत्तीचा पाठ जवळ ठेवून, तळटिपांतील पाठभेद पाहूनच निर्णय करावा.

शब्दकोश

ऱ्हिस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांचा पालि-इंग्रजी शब्दकोश १९२१ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहात तो आहे. त्याच संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. त्यामुळे पालि शब्द आणि त्याचे मराठीतील वंशज शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र हा पालि कोश शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातील कित्येक व्युत्पत्ती आज मान्य होण्यासारख्या नाहीत. अलीकडच्या काळात तयार झालेला 'डिजिटल पालि डिक्शनरी' हा कोश विभक्तिरूपे व समास उलगडून दाखवितो. नवशिक्या विद्यार्थ्याला त्याचा विशेष उपयोग होतो, कारण 'धम्मेसु' हे रूप शोधताना मूळ शब्द 'धम्म' आहे हे त्याला आधी ठाऊक असावे लागत नाही.

मराठी वाचकाने आणखी एका कोशाची आठवण ठेवावी. बाबासाहेबांनी स्वतः पालि व्याकरण आणि पालि शब्दकोश यांवर काम केले होते. ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातील एका कोशात पालि शब्दांना मराठी प्रतिशब्दही दिलेले आहेत. हे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. घटनेच्या कामात, मंत्रिपदाच्या व्यापात आणि ढासळत्या प्रकृतीत त्यांनी पालि शब्दांची टिपणे काढावीत, ही गोष्ट आपल्या आळसाला पुरेसे उत्तर आहे.

शोधाचा पहिला धडा

विहारांतून, फलकांवर आणि लग्नपत्रिकांवर 'अत्त दीप भव' हे शब्द आपण नेहमी पाहतो. एखाद्या विद्यार्थ्याने हे तीन शब्द जसेच्या तसे त्रिपिटकाच्या संग्रहात शोधले, तर त्याला काहीच सापडत नाही. तो गोंधळतो; क्वचित कोणी विरोधक त्यावरून उपहासही करतो. गोंधळण्याचे कारण नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदांना उद्देशून वापरलेला शब्द बहुवचनी 'अत्तदीपा' असा असून क्रियापदही निराळे, 'विहरथ' असे आहे. उपदेश तोच आहे. घोषवाक्य मात्र नंतर घडविलेले आहे. 'अत्तदीप' हा समास शोधला की दीघनिकाय आणि संयुत्तनिकाय यांतील अनेक स्थळे समोर येतात.

आता दुसरी पायरी. पालि 'दीप' या शब्दात संस्कृतातील 'दीप' आणि 'द्वीप' हे दोन्ही शब्द मिसळले आहेत. अट्ठकथा येथे महासागरातील बेटाचा अर्थ घेते. इ.स. ४१३ साली चिनी भाषेत उतरलेल्या दीर्घागमाचा अनुवादक मात्र प्रज्वलित होण्याचा, म्हणजे दिव्याचा अर्थ घेतो. याचा अर्थ हा प्रश्न आपल्या काळात कोणी उकरून काढलेला नाही. तो सोळाशे वर्षांपूर्वीच्या भाषांतरकारासमोरही होता. बेट म्हणजे पुरात बुडणाऱ्याचा आधार आणि दिवा म्हणजे अंधारात चालणाऱ्याचा आधार. दोन्ही अर्थांत दुसऱ्या कोणाला शरण न जाण्याचा उपदेश अबाधित राहतो. आपल्या विहारातील फलक उतरविण्याची गरज नाही. पण त्या फलकाखाली उभे राहून बोलणाऱ्याला हे ठाऊक असावे.

कालामांचे सुत्त

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, म्हणून ते सविस्तर पाहू. 'कोणतीही गोष्ट ऐकली म्हणून, परंपरेने आली म्हणून, ग्रंथात लिहिली म्हणून मानू नका. तुमच्या बुद्धीला पटली तरच माना' अशा आशयाचा उतारा बुद्धांच्या नावाने सर्वत्र फिरत असतो. आपल्या व्याख्यानांत तो हमखास येतो. तो कालाम सुत्तातील म्हणून सांगितला जातो. हे कितपत बरोबर आहे?

प्रथम सुत्त सापडले पाहिजे. इगतपुरीच्या संग्रहात 'कालामसुत्त' या नावाने शोध घेणाऱ्याला ते मिळणार नाही, कारण तेथे त्याचे नाव 'केसमुत्तिसुत्त' आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील महावग्गात ते आहे. इगतपुरीच्या पाठात त्याचा क्रमांक ६६ आहे, सुत्तसेंट्रलवर ६५ आहे, आणि पालि टेक्स्ट सोसायटीच्या पद्धतीने अंगुत्तर, खंड १, पृष्ठ १८८ असा त्याचा संदर्भ दिला जातो. एकाच सुत्ताचे हे तीन पत्ते आहेत. लेखात केवळ '३.६५' असे लिहून थांबल्यास वाचक भलत्याच सुत्तावर पोहोचतो. म्हणून संदर्भ देताना निकाय, सुत्ताचे नाव आणि आवृत्ती या तिन्ही गोष्टी द्याव्यात.

प्रसंग असा आहे. कोसल देशातील कालामांच्या निगमात भगवान येतात. तेथील लोक सांगतात की, अनेक श्रमण-ब्राह्मण येथे येतात, आपले मत उजळून दाखवितात आणि दुसऱ्याचे मत तुच्छ लेखतात; खरे कोण बोलतो याविषयी आम्हाला शंका आहे. भगवान म्हणतात की, तुमची शंका योग्य ठिकाणीच उत्पन्न झाली आहे. त्यानंतर ते दहा आधार सांगतात, ज्यांच्यावर विसंबून मत स्वीकारू नये. अनुस्सव, परंपरा, इतिकिरा आणि पिटकसंपदान, म्हणजे ऐकीव, परंपरागत, वदंता आणि ग्रंथप्रामाण्य, हे पहिले चार. लोकप्रिय उताऱ्यात ते येतात. शेवटचे दोन म्हणजे बोलणारा योग्य दिसतो म्हणून आणि हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून. तेही कधीकधी येतात.

मधले चार मात्र बहुधा गळतात. ते आहेत तक्कहेतु, नयहेतु, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खन्ति. म्हणजे केवळ तर्कावरून, केवळ अनुमानावरून, केवळ कारणांच्या वरवरच्या विचारावरून, आणि आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणूनही स्वीकारू नका. 'बुद्धीला पटले तर माना' हे वाक्य या सुत्तात नाही. 'मला पटले' हीच पुरेशी कसोटी नव्हे, असे हे सुत्त सांगते.

मग कसोटी कोणती? भगवान प्रश्न विचारतात : लोभ मनुष्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? लोभाने ग्रासलेला माणूस हत्या करतो, चोरी करतो, व्यभिचार करतो, खोटे बोलतो आणि इतरांनाही त्यास प्रवृत्त करतो की नाही? कालाम स्वतः उत्तरे देतात. ज्या गोष्टी अकुशल आहेत, सुज्ञांनी निंदिलेल्या आहेत, आचरल्या असता अहिताला व दुःखाला कारण होतात, असे तुम्ही स्वतः जाणाल, त्या सोडा. ज्या याच्या उलट आहेत त्या स्वीकारून त्यांप्रमाणे वागा, असा निष्कर्ष निघतो.

हे वाचून काही वाचक अस्वस्थ होतील. बुद्ध बुद्धिवादी नव्हते काय, असा प्रश्न ते विचारतील. येथे घाई करू नये. सुत्तात बुद्धीचा निषेध नाही. सारा संवाद प्रश्नोत्तरांनी, विचाराला चालना देत पुढे जातो. निषेध आहे तो आचरण व परिणाम यांपासून तुटलेल्या तर्काचा. आपल्या देशात जातिव्यवस्थेचे समर्थन करणारे तर्कशास्त्रात कमी नव्हते. त्यांचे तर्क निर्दोष असतील. त्यांच्या तर्कातून माणसाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. पहिली बुद्धिसंगततेची आणि तर्कसंगततेची आहे; पण तेथेच ते थांबत नाहीत. मनुष्याच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही त्याची चर्चा बुद्धांनी केली नाही, ही त्यांची दुसरी कसोटी आहे. कालामांच्या सुत्ताची कसोटी आणि ही दुसरी कसोटी एकच आहे. मूळ सुत्त वाचल्याने बाबासाहेबांची भूमिका दुर्बल होत नाही, उलट तिचा जो भाग आपण विसरत होतो तो पुढे येतो.

सुत्ताचा शेवट तर आपल्यासाठी अधिकच महत्त्वाचा आहे आणि तोच उताऱ्यांत छाटलेला असतो. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांनी चित्त भरून काढणाऱ्याला भगवान चार आश्वासने सांगतात. परलोक असेल आणि कर्माचे फळ असेल, तर माझे भले होईल. ते नसेल, तर याच जीवनात मी वैररहित, द्वेषरहित आणि सुखी आहे. वाईट करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर मी कोणाचे वाईट चिंतिलेले नाही. होत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी मी शुद्धच आहे. परलोकावरील श्रद्धेवाचून सदाचार उभा राहू शकतो, हे येथे मूळ पालि सुत्तात सांगितलेले आहे. पुनर्जन्मासंबंधीच्या वादात आपले वक्ते घसा कोरडा करतात. पण हे स्थळ फार थोड्यांनी पाहिलेले असते.

आता समांतर पाठ पाहू. चिनी मध्यमागमातील सोळावे सूत्र याच प्रसंगाचे आहे. त्याचा अनुवाद इ.स. ३९८ च्या सुमारास झाला. त्यात दहा आधारांची ती यादीच नाही. उलट शंका धरून बसू नका, असे भगवान कालामांना सांगतात. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. एकाच प्रसंगाची स्मृती दोन परंपरांनी निरनिराळी जपली, एवढे त्यावरून दिसते. पालि परंपरेत मात्र ती यादी या एकाच ठिकाणी नाही. भद्दिय लिच्छवीला केलेल्या उपदेशात आणि स्थविर नंदकांनी साळ्हाला केलेल्या उपदेशातही ती येते. तेव्हा पालि परंपरेत तिचे स्थान पक्के आहे, असे म्हणता येते. सर्व बौद्ध परंपरा याबाबत एकमुखी आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. अभ्यासकाची भाषा इतकी मोजकी असावी.

अनुवादांचे वय

इंटरनेटवर जे विनामूल्य मिळते त्याचा मोठा भाग जुना आहे, कारण ज्यांचे स्वामित्वहक्क संपले आहेत तेच ग्रंथ सर्वांना खुले असतात. मॅक्स म्युलरने संपादिलेली 'पौर्वात्य पवित्र ग्रंथां'ची ५० खंडांची इंग्रजी माला १८७९ ते १९१० या काळात निघाली. धम्मपद, सुत्तनिपात, विनयाचा काही भाग, मिलिंदप्रश्न, तसेच ब्यूलरने केलेला मनुस्मृतीचा अनुवाद त्यात आहे. धर्मग्रंथांच्या एका जुन्या व विख्यात संकेतस्थळावर ही सारी माला वाचता येते. तिचे ऋण मोठे आहे. पण या मालेत बायबल नाही, हे लक्षात ठेवावे. 'पवित्र ग्रंथ' तपासावयाचे ते पूर्वेकडच्यांचे, ही त्या काळच्या युरोपीय विद्वत्तेची चौकट होती.

जुन्या अनुवादांत शब्दांची निवडही त्या चौकटीतून झालेली असते. हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या १८९६ च्या प्रसिद्ध संकलनात 'भिक्खू' या शब्दासाठी पुरोहितवाचक इंग्रजी शब्द वापरला आहे. आज कोणी त्या इंग्रजीवरून यंत्राच्या साह्याने मराठी करील, तर भगवान बुद्ध पुरोहितांना उपदेश करीत आहेत असे वाक्य तयार होईल! पुरोहितशाहीतून माणसाला सोडविणाऱ्याच्या मुखी पुरोहितांचे संबोधन यावे, याहून मोठा विपर्यास कोणता? म्हणून अनुवाद वाचताना तो कोणी केला, कोणत्या साली केला आणि मूळ शब्द कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. 'ॲक्सेस टू इन्साइट' हा १९९० च्या दशकात सुरू झालेला इंग्रजी अनुवादांचा संग्रह उपयुक्त आहे. परंतु २०१३ नंतर त्यात भर घातली गेलेली नाही आणि त्याची निवड मुख्यतः थेरवादी साधनापरंपरेच्या दृष्टीने झालेली आहे, हे जाणून तो वापरावा.

इतर धर्मांचे ग्रंथ

तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याने इतर धर्मीयांच्या साधनांकडेही पाहिले पाहिजे. ज्यू वाङ्मयाचा 'सेफारिया' हा संग्रह आदर्श म्हणावा असा आहे. मूळ हिब्रू व अरमाईक पाठ, त्याचा अनुवाद आणि शतकानुशतकांची भाष्ये एकमेकांना जोडलेली असतात. वाक्यावर बोट ठेवले की त्यावरील सारे भाष्यकार समोर येतात. कुराणाच्या संकेतस्थळांवर एकाच आयतीचे अनेक अनुवाद व प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहता येतो. गुरू ग्रंथसाहिबाचे १४३० अंग सर्वत्र एकाच क्रमांकाने उघडतात. बायबलचा अध्याय व वचन यांचा क्रम जगभर बहुतांशी सारखाच आहे. आपल्या सुत्तांचे मात्र तीन-तीन पत्ते आहेत, हे आपण वर पाहिले.

येथे एक नैतिक प्रश्नही आहे. आपल्या धर्माविषयी लिहिताना मूळ पालि आणि दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिताना कोणाचे तरी भाषण, अशी दुहेरी मापे वापरू नयेत. बाबासाहेबांनी वेद, स्मृती व पुराणे यांवर जी टीका केली ती संदर्भ देऊन केली. ज्याच्यावर टीका करावयाची त्याचा ग्रंथही उघडून पाहिला पाहिजे. आज तसे न करण्यास निमित्त उरलेले नाही.

चार महापदेश

या सर्व साधनांसाठी एखादी पद्धत हवी. ती नव्याने शोधण्याची गरज नाही. महापरिनिब्बान सुत्तात, भोगनगरात असताना तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक आवासातील संघाकडून ऐकले. कोणी म्हणेल, अनेक बहुश्रुत स्थविरांकडून ऐकले. कोणी म्हणेल, एका बहुश्रुत स्थविराकडून ऐकले. चारही वेळा आदेश एकच आहे : त्या बोलण्याचे लगेच अभिनंदन करू नका आणि लगेच धिक्कारही करू नका. त्यातील शब्द नीट लक्षात घ्या, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले नाही तर ते चुकीचे ग्रहण केलेले आहे असे समजून सोडून द्या; जुळले तर स्वीकारा.

आजच्या परिस्थितीत हे चारही वक्ते आपल्याला रोज भेटतात. बुद्धांच्या चित्राखाली छापलेले वचन हा पहिला. संस्थेच्या नावाने आलेला मजकूर हा दुसरा. विद्वानांनी चालविलेले संकेतस्थळ हा तिसरा. एकट्या प्रवचनकाराची चित्रफीत हा चौथा. आता त्यात एका नव्याची भर पडली आहे. विचारलेल्या प्रश्नाला क्षणात उत्तर तयार करून देणारी यंत्रे आली आहेत. ती कित्येकदा अस्तित्वात नसलेल्या सुत्ताचा क्रमांक अस्खलित भाषेत सांगतात. त्यांनाही हाच नियम लागू करावा. त्यांनी दिलेला संदर्भ मूळ संग्रहात उघडून पाहावा, आणि तो सापडला नाही तर ते वचन वापरू नये.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात बुद्धवचनाचा विपर्यास कसा झाला याची चर्चा करताना भाणकांचा उल्लेख केला आहे. ग्रंथ लिहिलेले नव्हते, ते मुखोद्गत ठेवणारे भाणक होते, आणि स्मरणात चूक होणे शक्य होते. विपर्यासाचे उदाहरण म्हणून ते अलगद्दूपम सुत्ताकडे बोट दाखवितात. अरिट्ठ नावाच्या भिक्खूने भगवंतांच्या जिवंतपणीच त्यांच्या उपदेशाचा उलटा अर्थ सांगितला होता. त्याच सुत्तात सापाची उपमा आहे : साप शेपटीकडून धरला तर तो उलटून दंश करतो, योग्य रीतीने मान दाबून धरला तर करीत नाही. धम्मग्रंथांचे तसेच आहे. वाद जिंकण्यासाठी एखादे वाक्य उचलणे म्हणजे साप शेपटीकडून धरणे होय. भाणकांच्या काळी चूक एका आवासातून दुसऱ्या आवासात जावयास वर्षे लागत. आज ती दुपारच्या आत हजारो घरांत जाते.

बाबासाहेबांच्या ग्रंथालाही हीच शिस्त लावली पाहिजे, आणि त्यात त्यांचा अनादर नाही. मूळ इंग्रजी ग्रंथात त्रिपिटकाचे संदर्भ दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ते परिश्रमाने शोधून काढले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षण झाले, तेथील प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी हा ग्रंथ टिपांसह विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिला आहे. एका बाजूस तो ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूस मूळ सुत्त उघडून वाचले, म्हणजे बाबासाहेबांनी काय घेतले, काय गाळले, कोठे नवी मांडणी केली आणि ती का केली, हे कळू लागते. त्यांच्या निर्णयामागील विचार समजून घेणे हाच त्यांचा खरा आदर आहे.

विहारांनी काय करावे

या साधनांत सर्वांत मोठी उणीव मराठीची आहे. इंग्रजी जाणणाऱ्याला जे सहज मिळते ते मराठी वाचकाला मिळत नाही. वास्तविक आपली स्थिती इतरांहून अनुकूल आहे. देवनागरी लिपी आपल्याला येते. त्यामुळे पालि पाठ वाचण्यासाठी निराळी लिपी शिकावी लागत नाही. मराठीच्या घडणीत प्राकृताचा वाटा आहे. त्यामुळे पालीतील 'हत्थ' आणि 'कम्म' हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पालि या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा कागदावर मिळाला. अभ्यास आपण करावयाचा आहे.

स्वामित्वहक्काची अडचणही आता पुष्कळ कमी झाली आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. धर्मानंद कोसंबी यांचे निधन १९४७ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मराठी ग्रंथ २००८ पासून मुक्त आहेत. १९५७ साली प्रकाशित झालेला 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथही आता मुक्त झाला आहे. कोसंबींच्या मराठी ग्रंथांचा शुद्ध, शोधता येण्याजोगा संगणकीय पाठ तयार करणे हे एखाद्या विहाराच्या अभ्यासमंडळाला सहज पेलणारे काम आहे.

याहून लहान काम तर उद्यापासूनही होऊ शकते. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास द्यावा. त्या आठवड्यात कोणाच्या मोबाइलवर बुद्धांच्या नावाने आलेले एक वचन घ्यावे. ते निकायात कोठे आहे ते शोधावे, मूळ पालि मोठ्याने वाचावे, चार शब्दांचे अर्थ कोशात पाहावेत, आणि वचन सापडले नाही तर तसे वहीत नोंदवावे. वर्षाला पन्नास वचने तपासून होतील. शाळेतील मुलगी हे करू शकेल आणि निवृत्त कामगारही करू शकेल. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथाला हात लावू दिला गेला नाही, त्या समाजाच्या हाती आज संपूर्ण त्रिपिटक आहे. ते उघडून वाचावयाचे की न वाचताच पुढे पाठवावयाचे, एवढाच निर्णय आपण करावयाचा आहे.